मध्यावधीत सत्ताधाऱ्यांना धडा शिकवला, मग पुढे काहीच का हलत नाही?

प्रश्न न्यू जर्सीत राहणाऱ्या एका मराठी वाचकाचा आहे. अमेरिकी नागरिकत्व मिळाल्यावर त्यांनी २०२२ च्या मध्यावधी निवडणुकीत पहिल्यांदा मतदान केले. महागाईचा राग होता, बदल हवा होता. प्रत्यक्षात प्रतिनिधिगृहाला सभापती निवडण्यासाठीच पंधरा फेऱ्या घ्याव्या लागल्या आणि नऊ महिने पुरे होण्याआधी त्याच सभापतींना त्यांच्याच पक्षातील काही जणांनी खाली खेचले. मतदार एवढे संतापलेले असताना वॉशिंग्टन ठप्प का होते, तीच माणसे परत कशी निवडून येतात, आणि असे असेल तर पुन्हा मत द्यायचे ते कशासाठी, असे ते विचारतात.

प्रतिनिधिगृहाच्या एका सदस्याच्या मतदारसंघातील कार्यालयात आणि नंतर वॉशिंग्टनमध्ये समितीच्या कर्मचारीवर्गात मी बरीच वर्षे काम केले. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की मतदारांचा राग वाया जात नाही, तो मोजलाही जातो, पण तो मोजण्याची जागा आणि वेळ तुम्ही समजता ती नाही. नोव्हेंबरमधील मध्यावधी मत हे रचनेनेच नकाराचे मत आहे. ते कोणाला तरी अडवण्याची ताकद देते, काही करून दाखवण्याची देत नाही.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. भारतात सरकार पडून किंवा अन्य कारणाने सभागृह मुदतीआधी विसर्जित झाले की मध्यावधी निवडणूक होते आणि तिच्यातून नवे सरकार येते. अमेरिकेत ती राष्ट्राध्यक्षांच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर, ठरलेल्या तारखेलाच होते. प्रतिनिधिगृहाच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या सुमारे एक तृतीयांश जागा तीत पणाला लागतात, पण सरकार जागचे हलत नाही. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार लोकसभेत एका मताने पडले आणि काही महिन्यांत देश पुन्हा मतदानाला गेला. असा सुटकेचा मार्ग अमेरिकी घटनेत ठेवलेलाच नाही. तिथे राष्ट्राध्यक्ष आणि विरोधी बहुमताचे सभागृह एकमेकांना कितीही नकोसे झाले, तरी दोघांनाही मुदत संपेपर्यंत एकाच छताखाली नांदावे लागते.

शिवाय प्रत्येकाकडे स्वतःचा वेगळा जनादेश असतो, आणि खरी अडचण इथे सुरू होते. जानेवारी २०११ चे उदाहरण घ्या. राष्ट्राध्यक्ष ओबामा २००८ च्या मतदारांनी निवडलेले होते, तेव्हा पात्र मतदारांपैकी सुमारे ६१ टक्के मतदानाला आले होते. प्रतिनिधिगृह २०१० च्या मतदारांनी निवडले होते आणि त्या वेळी आलेले मतदार सुमारे ४१ टक्के होते. सिनेटमध्ये २००६, २००८ आणि २०१० अशा तीन वेगवेगळ्या हंगामांत निवडून आलेली माणसे शेजारी शेजारी बसली होती. म्हणजे वयाने, रागाने आणि अपेक्षेनेही निरनिराळ्या असलेल्या मतदारवर्गांचे कौल एकाच वेळी राजधानीत हजर होते, आणि त्यांपैकी प्रत्येकाला आपलाच कौल खरा वाटत होता.

२०१०-११ चे प्रकरण जरा तपशिलाने सांगते, कारण पुढची जवळजवळ प्रत्येक कोंडी त्याच साच्यातून निघालेली आहे. २ नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृहात ६३ जागा जादा मिळवून बहुमत घेतले. सिनेटमध्ये त्यांच्या सहा जागा वाढल्या, तरी बहुमत ओबामांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडेच राहिले. बेरोजगारी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होती. बँकांना सावरण्यासाठी २००८ मध्ये दिलेला पैसा लोकांच्या मनातून गेला नव्हता आणि मार्च २०१० मध्ये झालेल्या आरोग्यविमा कायद्याने वातावरण आणखी तापवले होते. आमच्या मतदारसंघात लोक बोलत ते बहुतांशी घराच्या हप्त्यांविषयी आणि गेलेल्या नोकऱ्यांविषयी. ओबामांच्या बाजूने निकालाचा अर्थ ‘अर्थव्यवस्था पुरेशा वेगाने सावरली नाही’ असा लावला गेला. टी पार्टी या सरकारी खर्चाविरोधी चळवळीच्या लाटेवर निवडून आलेल्या नव्या सदस्यांनी ‘सरकारी खर्च कोणत्याही परिस्थितीत कापा, आणि त्यासाठीच आम्हाला पाठवले आहे’ असा लावला. मतपत्रिकेवर कारण लिहिण्याची सोय नसते, त्यामुळे ज्याला जो अर्थ सोयीचा असतो तो त्याला काढता येतो.

त्यानंतर कर्जमर्यादेचा प्रश्न आला. अमेरिकी सरकारने एकूण किती कर्ज काढावे यावर कायद्याने कमाल मर्यादा आहे. ती वाढवणे म्हणजे नवा खर्च मंजूर करणे नव्हे. काँग्रेसने, म्हणजे प्रतिनिधिगृह आणि सिनेट मिळून होणाऱ्या अमेरिकी संसदेने, आधीच मंजूर केलेल्या खर्चाची देणी फेडण्यासाठी पैसे उभारण्याची ती परवानगी असते. नव्या बहुमताच्या लक्षात आले की हाती सिनेट नसली, व्हाइट हाउस नसले, तरी ही एक किल्ली आपल्याकडे आहे. सभापती जॉन बेनर आणि ओबामा यांच्यात जुलैमध्ये मोठ्या तडजोडीची बोलणी झाली. त्यात खर्चकपात होती आणि कर-उत्पन्न वाढवण्याचाही विचार होता. महिना संपण्याआधीच ती फिसकटली, कारण करवाढीला हात लावणारी कोणतीही तडजोड आपल्या गटाकडून मंजूर करून घेणे बेनर यांना शक्य नव्हते. अखेर २ ऑगस्ट रोजी, म्हणजे अर्थखात्याने दिलेल्या अखेरच्या दिवशीच, कायदा झाला. प्रतिनिधिगृहात तो २६९ विरुद्ध १६१ मतांनी मंजूर झाला. सभापतींच्या स्वतःच्या पक्षातील ६६ जणांनी विरोधात मत दिले आणि डेमोक्रॅटिक सदस्य ९५ विरुद्ध ९५ असे बरोबर मधोमध दुभंगले. तीनच दिवसांनी, ५ ऑगस्टला, स्टँडर्ड अँड पुअर्सने अमेरिकेचे पतमानांकन इतिहासात पहिल्यांदा सर्वोच्च श्रेणीवरून खाली आणले.

उरलेली कपात ठरवण्यासाठी दोन्ही पक्षांचे सहा-सहा सदस्य असलेली बारा जणांची समिती नेमली गेली. ती नोव्हेंबरमध्ये हात वर करून मोकळी झाली. तिला अपयश आल्यास जवळपास सगळ्या खात्यांना सरसकट कात्री लागेल अशी तरतूद मुद्दाम केलेली होती. ती इतकी बिनडोक असावी की दोन्ही पक्षांना समझोता करावाच लागेल, असा हिशेब होता. मार्च २०१३ मध्ये तीच कात्री प्रत्यक्षात चालली.

त्या जुलैमधला दूरध्वनीचा अनुभव इथे सांगितला पाहिजे, कारण बाहेरून ही गोष्ट दिसत नाही. २५ जुलैच्या रात्री राष्ट्राध्यक्षांनी दूरचित्रवाणीवरून भाषण करून लोकांना आवाहन केले की आपल्या प्रतिनिधीला तडजोड करायला सांगा. दुसऱ्या दिवशी प्रतिनिधिगृहाच्या दूरध्वनी यंत्रणेवर एवढा ताण आला की अनेकांना लाइनच मिळेना. कार्यालयात प्रत्येक फोनची नोंद आम्ही एका तक्त्यात करत असू: नाव, पिनकोड, विषय आणि बाजूने की विरोधात. पिनकोड आधी विचारायचा, कारण मतदारसंघाबाहेरचा आवाज मोजणीत धरत नाहीत. त्या दिवशी ‘काहीतरी मार्ग काढा’ म्हणणाऱ्यांचे फोन खूप आले. पण तक्ते आठवडाभर पाहिल्यावर वेगळेच चित्र दिसे. मार्ग काढा म्हणणारा माणूस एकदा फोन करतो, बहुधा नम्रपणे बोलतो आणि कामाला लागतो. ‘एक पाऊलही मागे घेऊ नका’ म्हणणारा रोज फोन करतो, सभेला येतो, स्वयंसेवक म्हणून घरोघर फिरतो, वीस-पंचवीस डॉलरची देणगी पाठवतो आणि मुख्य म्हणजे पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, मत द्यायला न चुकता जातो. सदस्याच्या टेबलावर संध्याकाळी जाणाऱ्या कागदात दोघांचेही आकडे असत. सदस्य कोणत्या आकड्याकडे जास्त वेळ पाहत, हे वेगळे सांगायला नको.

ही भीती निराधार नव्हती, हे १० जून २०१४ रोजी दिसले. प्रतिनिधिगृहातील रिपब्लिकन बहुमताचे नेते, सभापतिपदाचे पुढचे दावेदार मानले गेलेले एरिक कँटर हे व्हर्जिनियातील स्वतःच्या मतदारसंघात पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत डेव्हिड ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरले. स्थलांतरितांच्या प्रश्नावर कँटर मऊ पडले आहेत, हा ब्रॅट यांच्या प्रचाराचा मोठा मुद्दा होता. सात लाखांहून अधिक लोकसंख्येच्या त्या मतदारसंघात एकूण मते पडली सुमारे ६५ हजार. त्याच्या वर्षभर आधी, जून २०१३ मध्ये, सिनेटने स्थलांतर सुधारणेचे मोठे विधेयक ६८ विरुद्ध ३२ अशा दोन्ही पक्षांच्या मतांनी मंजूर केलेले होते. प्रतिनिधिगृहात ते कधी मतदानालाच आले नाही, कारण बहुसंख्य पक्षातील बहुसंख्य सदस्यांची संमती असल्याखेरीज सभापती सहसा विधेयक पटलावर आणत नाहीत असा एक अलिखित प्रघात आहे. कँटर पडल्यावर त्या विधेयकाची उरलीसुरली आशाही संपली. एका मतदारसंघातील ६५ हजार मतांनी देशभराचा प्रश्न कसा गोठवला याचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही.

तेव्हा ‘लोक एवढे वैतागले आहेत तर तीच माणसे परत कशी निवडून येतात’ या तुमच्या उपप्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत नोव्हेंबर २०१३ मध्ये काँग्रेसच्या कामकाजावर समाधानी असलेल्यांचे प्रमाण ९ टक्क्यांवर आले होते, आणि तरीही प्रतिनिधिगृहातील पुन्हा उभे राहणारे सदस्य बहुतेक निवडणुकांत नव्वद टक्क्यांहून अधिक प्रमाणात जिंकतात. २०१० च्या लाटेतसुद्धा त्यांपैकी सुमारे ८५ टक्के टिकले. बहुतेक मतदारसंघ एका पक्षाचे बालेकिल्ले झाले आहेत. अशा जागी नोव्हेंबरची लढत ही औपचारिकता असते आणि सदस्याला खरा धोका असतो तो आपल्याच पक्षातून, आपल्यापेक्षा कडव्या उमेदवाराकडून.

पूर्वी असे नव्हते, आणि हा फरक आकड्यांत मांडता येतो. १९८२ च्या मध्यावधीत राष्ट्राध्यक्ष रीगन यांच्या रिपब्लिकन पक्षाने प्रतिनिधिगृहात २६ जागा गमावल्या, बेरोजगारी दहा टक्क्यांवर होती, सभापती टिप ओनील विरोधी पक्षाचे होते. म्हणजे कोंडीचे सगळे साहित्य हजर होते. तरीही एप्रिल १९८३ मध्ये सामाजिक सुरक्षा निवृत्तिवेतनाची घडी बसवणारा कायदा झाला. त्यात करवाढही होती आणि निवृत्तीचे वय टप्प्याटप्प्याने ६७ पर्यंत नेण्याची कडू गोळीही होती. कारण असे की त्या काळात असंख्य मतदारसंघ राष्ट्राध्यक्षपदासाठी एका पक्षाला आणि प्रतिनिधिगृहासाठी दुसऱ्या पक्षाला मत देत. १९८४ मध्ये असे मतदारसंघ १९० च्या आसपास होते, २०२० मध्ये ते १६ उरले. ज्याच्या मतदारसंघाने रीगन यांनाही निवडले आहे, त्या डेमोक्रॅटिक सदस्याला रीगन यांच्याशी बोलणी करण्यात धोका नव्हता, उलट बोलणी न करण्यात होता. आज हे गणित उलटे झाले आहे. म्हणून विभागलेली सत्ता हेच कोंडीचे कारण, हे वर्तमानपत्री निदान मला अपुरे वाटते. १९९५-९६ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन आणि विरोधी पक्षाचे सभापती गिंग्रिच यांच्या भांडणात सरकार दोनदा बंद पडले, म्हणजे खर्चाला मंजुरी न मिळाल्याने सरकारी कामकाज थांबले, त्यातले दुसऱ्या वेळचे २१ दिवस, पण पुढे १९९६ मध्येच कल्याणकारी योजनांच्या सुधारणेचा कायदाही त्याच दोघांनी केला.

दुसऱ्या बाजूने पाहिले तरी हेच दिसते. सगळी सत्ता एका पक्षाकडे असली म्हणजे गाडी सुरळीत चालते, असेही नाही. सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरील चर्चा थांबवण्यासाठी शंभरापैकी ६० मते लागतात. एप्रिल २०१३ मध्ये बंदूक खरेदीदारांच्या पार्श्वभूमीच्या तपासणीचा दोन्ही पक्षांतील सदस्यांनी मिळून मांडलेला प्रस्ताव ५४ विरुद्ध ४६ असा ‘जिंकूनही’ पडला. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षपद, प्रतिनिधिगृह आणि सिनेट तिन्ही रिपब्लिकन पक्षाकडे होते, तरी खर्चाच्या ठरावाला साठ मते मिळेनात आणि १ ऑक्टोबरपासून सरकार ४३ दिवस बंद राहिले. त्याआधीचा विक्रम ३५ दिवसांचा होता. तो डिसेंबर २०१८ मध्ये, मध्यावधी निकालानंतर, सीमेवरील भिंतीच्या पैशांवरून सुरू झाला होता. सुमारे आठ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांना तेव्हा पगाराविना घरी बसावे किंवा पगाराविना राबावे लागले, आणि हवाई वाहतूक नियंत्रक अपुरे पडून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरील उड्डाणे अडली तेव्हा कुठे दोन्ही बाजू भानावर आल्या. लेखानुदानाची सवय असलेल्या भारतीय वाचकाला हे चमत्कारिक वाटते, आणि ते आहेच.

आता तुमच्या २०२२ कडे. रिपब्लिकन पक्षाला प्रतिनिधिगृहात २२२ विरुद्ध २१३ असे काठावरचे बहुमत मिळाले. एवढ्या बारीक बहुमतात पाच-सहा जणांचा गटसुद्धा नेत्याला ओलीस धरू शकतो. केव्हिन मॅकार्थी यांनी जानेवारी २०२३ मध्ये पद मिळवण्यासाठी जी किंमत मोजली, तीत कोणाही एका सदस्याला सभापती हटवण्याचा ठराव मांडता येईल ही अट होती. मेच्या अखेरीस त्यांनी राष्ट्राध्यक्ष बायडन यांच्याशी कर्जमर्यादेवर समझोता केला. ३० सप्टेंबरला सरकार बंद पडू नये म्हणून हंगामी ठराव आणला, ज्याला त्यांच्या पक्षापेक्षा विरोधी पक्षाची मते जास्त मिळाली. ३ ऑक्टोबरला २१६ विरुद्ध २१० मतांनी ते गेले. त्यांच्या पक्षातील आठ जण त्यांच्याविरुद्ध उभे राहिले, आणि डेमोक्रॅटिक सदस्यांनीही एकमुखाने तेच केले. ज्याने दोनदा तडजोड केली त्याला वाचवण्यात दोन्हीकडे कोणाचाच लाभ नव्हता. माइक जॉन्सन निवडले जाईपर्यंत तीन आठवडे सभागृह बिनसभापतीचे होते. त्या संपूर्ण वर्षात चाळीसही कायदे झाले नाहीत.

कोंडी म्हटले की डोळ्यांसमोर अशी भांडणे येतात, पण मराठी कुटुंबांना जिची झळ सर्वांत जास्त लागली ती कोंडी भांडणाविना झाली. नोकरीवर आधारित ग्रीनकार्डे वर्षाला साधारण १ लाख ४० हजार आणि एका देशाला त्यातली साधारण सात टक्के, ही चौकट १९९० च्या कायद्याची आहे. पुण्या-नाशिकहून गेलेले अभियंते तिच्यामुळे दशकभराहून जास्त काळ रांगेत आहेत. ही देशनिहाय मर्यादा काढणारे विधेयक जुलै २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केले. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये तेच विधेयक वेगळ्या मसुद्यात, बिनविरोध, मंजूर केले. दोन मसुद्यांचा मेळ घालायला महिनाभर होता, तो घातला गेला नाही, आणि ३ जानेवारी २०२१ रोजी त्या काँग्रेसची मुदत संपताच दोन्ही मसुदे निकालात निघाले. नव्या काँग्रेसमध्ये सगळे पहिल्यापासून सुरू करावे लागते. या विधेयकाला फारसे शत्रू नव्हते. ते मंजूर न झाल्याने आपली जागा धोक्यात येईल असे मात्र एकाही सदस्याला वाटत नव्हते, कारण ज्यांना त्याची गरज होती त्या रांगेतल्या माणसांना मताधिकारच नव्हता, आणि ज्यांना तो होता त्या आपल्यासारख्यांचे फोन, माझ्या अनुभवात, बोटांवर मोजण्याइतके येत.

म्हणून मत कशासाठी द्यायचे याचे माझे उत्तर असे आहे की नोव्हेंबरचे मत द्याच, पण जूनचे चुकवू नका. न्यू जर्सीत प्राथमिक निवडणूक जूनमध्ये असते. तुमची नोंदणी कोणत्याच पक्षाखाली नसेल तर मतदानाच्या दिवशी केंद्रावर जाऊन पक्ष सांगितला तरी चालते. एका पक्षातून दुसऱ्या पक्षात जायचे असेल तर मात्र अर्ज ५५ दिवस आधी द्यावा लागतो. तिथे वर्षानुवर्षे काउंटीतील (जिल्ह्यातील) पक्षनेत्यांच्या पसंतीचे उमेदवार मतपत्रिकेवर एकाच ओळीत छापले जात आणि बाकीचे कोपऱ्यात ढकलले जात. सिनेटसाठी उभे असलेले डेमोक्रॅटिक उमेदवार अँडी किम यांच्या दाव्यावरून २०२४ मध्ये केंद्रीय न्यायालयाने डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीसाठी ही पद्धत थांबवली, त्यामुळे तुमच्या मताचे वजन पूर्वीपेक्षा वाढले आहे. आणि प्रतिनिधीच्या कार्यालयात फोन कराल तेव्हा पिनकोड आधी सांगा, विधेयकाचा क्रमांक सांगा, एकच मागणी करा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा फोन करून तिचे काय झाले ते विचारा. दुसऱ्यांदा आलेल्या फोनची नोंद आम्ही वेगळी ठेवत असू.